बॉयलर रूमचं आतलं दार

पडेगावात मला 'नेव्हीवाले काका' म्हणतात. नवा माणूस भेटला की पहिला सवाल ठरलेला, "काका, मग समुद्र लई बघितला असंल?" मी म्हणतो, नाय बाबा. समुद्र बघायला वरची माणसं होती. मी स्टोकर. माझी ड्यूटी जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीच्या खाली. समुद्र माझ्या डोक्यावरून जात होता आणि मी बॉयलरकडं तोंड करून घाम पुसत होतो. एवढं सांगितलं की माणसाचा चेहरा पडतो. त्याला तोफा पाहिजे असतात.

दिवाळी अंकवाल्यांनाही तोफाच पाहिजे होत्या. दोन-तीन वर्षं मागं लागले होते, लढाईच्या थरारक आठवणी लिहा म्हणून. मी टाळत होतो. यंदा चैत्रात लासूर स्टेशनच्या सरूअक्का वारल्या आणि टाळायचं कारण संपलं. त्या असताना हे छापलं असतं तर कुणीतरी शहाण्यानं त्यांना वाचून दाखवलं असतं. आता लिहितो. थरारक वाटलं नाय तर पान उलटा.

आधी जहाजाचं. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. क्रूझर म्हणजे मोठ्या तोफांची, लांबचा पल्ला मारणारी लढाऊ बोट. शेकडो माणसांचं एक गावच. आमची क्रूझर इंग्रजांनी बांधलेली. हिटलरच्या लढाईत ती लढली, तिनं मार खाल्ला, दुरुस्त झाली आणि मग आपल्याकडं आली. म्हणजे सेकंडहँड. आत एका ठिकाणी पोलादाला ठिगळ मारलेलं होतं. तिथं गोळा लागला होता म्हणे. पलीकडं कोण मेलं, किती मेलं, कुणाला ठाऊक नव्हतं, पण आमचा चीफ तिथून जाताना डोक्यावरची टोपी काढायचा. चीफ म्हणजे स्टोकरांचा मुकादम, कोकणातला, अंगानं बारका आणि तोंडाचा फाटका. कुणाच्या बापाला न भिणारा माणूस त्या ठिगळापुढं टोपी काढतो म्हटल्यावर आम्हीबी काढायला लागलो.

आम्ही तिला 'म्हातारी' म्हणायचो. बांगलादेशची लढाई लागली तेव्हा तिचं खरंच वय झालं होतं. नळ्या जुन्या, पंप कुरकुरायचे, एक दुरुस्त करावं तर दुसरं बोंब मारायचं. पण लढाईत म्हाताऱ्यांनाही सुट्टी नसते. अन् गड्या, तोंड वर करून पळायला लागली की अशी पळायची की नव्या बोटींनी बघत राहावं. ते पळवणारे आम्ही होतो, हे मात्र कुठल्या फोटोत दिसत नाय. फोटो काढायला खाली कोण येणार?

मी पिशोरचा. भरतीत निवड झाली तेव्हा वडील म्हणाले होते, "पाण्यातली नोकरी हाय, बरं झालं. आपल्याकडं तरी कुठं पाणी हाय?" जहाजावर गेल्यावर कळलं की तिथंबी बोंबच. समुद्राच्या पाण्याची वाफ करून गोडं पाणी काढायचं, ते आधी बॉयलरला, उरलं तर माणसांना. बॉयलरला खारं पाणी चालत नाय, नळ्या खातं. माणसाला खरूज झाली तरी चालतं. चहूकडं पाणीच पाणी, आणि आंघोळीला तेच आपलं मोजकं, पिशोरसारखं. वडिलांना हे कधी सांगितलं नाय. उगं त्यांचा भ्रम कशाला मोडा?

आता दाराचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्या दारावर आहे. बॉयलरच्या भट्टीत तेल जळतं. जाळाला हवा लई लागते, म्हणून मोठे पंखे बाहेरची हवा खोलीत दाबून भरतात. सगळी बॉयलर रूम हवेनं तट्ट फुगलेली असते. ती हवा भट्टीतून धुराड्यावाटं वर जाते आणि जाळाला जागेवर ठेवते. पण हीच हवा दुसरीकडून निसटली, तर जाळ उलटा फिरतो. भट्टीच्या तोंडातून बाहेर येतो, माणसांच्या अंगावर. म्हणून बॉयलर रूमला एक दार नसतं, एकामागं एक दोन असतात, आणि मधे कपाटाएवढी जागा. बाहेरचं दार उघडून मधे यायचं, ते लावून खटके आवळायचे, मगच आतलं उघडायचं. बाहेर पडताना तेच उलट. दोन्ही दारं एका वेळी उघडी, हे कधीच नाय. देव आला तरी नाय. चीफ म्हणायचा, "दोन्ही उघडलात तर आतले भाजतील, आणि मधला सगळ्यात आधी."

ही सवय हाडात मुरली. आमच्या शहरात आता एसीच्या दुकानांना काचेची दोन-दोन दारं असतात. मी पहिलं दार पूर्ण लागेपर्यंत दुसऱ्याला हात लावत नाय. मागचे लोक चिडतात, "अहो काका, चला ना पुढं." बायको खाली मान घालून म्हणते, "लोक काय म्हणतील!" काय म्हणायचं ते म्हणू दे.

दुसरी गोष्ट कानांची. पंख्यांच्या आवाजात तिथं कुणाला काही ऐकू येत नसे. ओठ बघून बोलायचं, हातानं खुणा करायच्या. त्यामुळं आम्ही सगळे रिटायर स्टोकर बहिरे आणि मोठ्यानं बोलणारे. आमच्या घरातलं गुपित आधी गल्लीला कळतं, मग घराला.

जहाजावर आम्ही तिघं आपल्या जिल्ह्यातले. मी, माझा जोडीदार भीमराव आणि लासूर स्टेशनचा उत्तम. भीमरावचं घर तेव्हा शहरात होतं, आता इथंच पडेगावात, माझ्या मागच्या गल्लीत. बाबासाहेबांना मानणारं घर, वडील शिक्षक. आमच्यात तोच शिकलेला आणि तोच नियमाचा पक्का. उत्तम म्हणजे बाजारातल्या हमालाचा पोरगा. आई लहानपणी गेली, थोरल्या बहिणीनं वाढवलं. त्याच सरूअक्का. सुट्टीवरून येताना तो अक्कानं केलेला ठेचा बरणीत घालून आणायचा आणि सगळ्या मेसला वाटायचा. पंजाबी, मल्याळी, सगळे नाक पुसत खायचे आणि अक्काला दुवा द्यायचे. उत्तमची बढाई अशी, "बॉयलरचा जाळ काय घेऊन बसलात? आमच्या अक्काच्या तोंडापुढं बॉयलर गार हाय."

लढाईचे दिवस होते. म्हातारी पूर्ण वेगात पळत होती. आत उत्तम आणि त्याच्याबरोबर दोघं. मी आणि भीमराव त्यांची पाळी घ्यायला खाली उतरलो. भीमराव मधल्या जागेत गेला, मी बाहेर थांबलो. तेवढ्यात आत बॉयलरची नळी फुटली.

नळी फुटली म्हणजे काय, ते सांगतो. घरातल्या कुकरची वाफ बोटाला लागली तर आपण नाचतो. ती वाफ खोलीभर सुटली असं समजा, आणि ती कुकरच्या कितीतरी पट कडक. अशा वेळी दोनच कामं: भट्टीचं तेल बंद करायचं आणि बाहेर पळायचं. उत्तम तिघांत वरचा. त्यानं दोघांना दाराकडं ढकललं आणि स्वतः तेलाच्या खटक्याकडं गेला. ते दोघं आतलं दार उघडून मधल्या जागेत पडले. भीमरावनं आतलं दार लावलं. मी बाहेरचं उघडलं. एकाला ओढून काढला. दुसरा उंबऱ्यावरच कोसळला, निम्मा आत, निम्मा बाहेर. भाजलेल्या माणसाला धरायचं कुठं? जिथं धरावं तिथं कातडी हातात येत होती. तो उंबऱ्यात असेपर्यंत बाहेरचं दार लागणार नव्हतं.

आणि आतलं दार वाजायला लागलं.

कानाला काही ऐकू येत नव्हतं. पण ते दार, ती चौकट, सगळं एकाच पोलादाचं. माझा एक हात चौकटीला होता. त्या हाताला कळत होतं. उत्तम पान्यानं दार ठोकत होता. ते दार त्याला आतूनही उघडता आलं असतं, पण दाराच्या दांडीला बाहेरून भीमराव लोंबकळला होता, सगळं वजन टाकून. आतलं दार उघडलं असतं आणि बाहेरचं उघडंच असतं, तर जाळ उलटला असता. उत्तम मेला असता, भीमराव मेला असता, उंबऱ्यातला मेला असता, बहुतेक मीही. भीमराव माझ्याकडं बघत होता. त्याचे ओठ एकच बोलत होते, "लाव. लाव. लाव."

मी त्या माणसाला ओढून काढला आणि दार लावलं. पण तोवर हाताला कळणारं ते ठोकणं थांबलं होतं. भीमरावनं आतलं दार उघडलं तेव्हा उत्तम दारालाच टेकून बसला होता. वर नेईपर्यंत गेला.

तेल त्यानं बंद केलं होतं. म्हणजे भट्टी विझत आली होती. कदाचित दार उघडलं असतं तरी जाळ उलटला नसता. कदाचित तो पान्यानं तेच सांगत होता, की तेल बंद झालंय, उघडा. पण हे बाहेरच्याला कळावं कसं? नियम बाहेरच्यासाठी असतो, आणि बाहेरच्याला आतलं कधी दिसत नाय. साहेब लोकांनी भीमरावला सांगितलं, बरोबर केलंस. चीफनंही सांगितलं. मीही सांगितलं. सगळ्यांनी इतक्या वेळा सांगितलं की त्याला ते ऐकूनच भोवळ यायची.

उत्तमची पेटी घेऊन लासूरला जायला आम्हा दोघांनाच पाठवलं. निघताना चीफनं बजावलं, "घरी एकच वाक्य बोलायचं. त्याला कळलंसुद्धा नाही. बाकी शहाणपणा करायचा नाही."

सरूअक्का तेव्हा तिशीच्या आसपास, पदरात पोर. रडली नाय. पेटीवरून हात फिरवत राहिली आणि विचारलं, "त्याला तरास झाला का?"

आम्ही दोघांनी एकदम सांगितलं, "नाय अक्का. कळलंसुद्धा नाय त्याला."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि आम्हाला जेवायला वाढलं.

त्या एका वाक्यावर ती बाई पन्नास वर्षं जगली. कुणाच्या घरी मयत झालं की समजूत काढायला हीच जायची आणि म्हणायची, "माझ्या उत्तमला तर कळलंसुद्धा नाय, एवढं चांगलं मरण." भाऊबीजेला आम्ही दोघं तिच्याकडं जायचो. पाट दोन मांडायची, ओवाळायची, आणि ठेचा असा वाढायची की दुसऱ्या दिवशीही आठवण राहावी. म्हातारी बोट भंगारात गेली, तोडली, तिचे खिळेसुद्धा कुठं गेले असतील देव जाणे. मी नेव्ही सोडून वाळूजच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळला, तिथूनही रिटायर झालो. भाऊबीज चुकली नाय.

गेल्या वर्षी भीमरावच्या छातीचं ऑपरेशन ठरलं. गणपती उठले होते. तो माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "अक्काला खरं सांगायचं."

"येडा झाला का तू?"

"मला मोकळं व्हायचंय. टेबलावर गेलो अन् उठलोच नाय तर?"

"नाय उठला तर सुटशील की! तिनं काय करायचं मग? ह्या वयात?"

"तिचा हक्क आहे तो. सख्खी बहीण आहे."

"हक्काची भाषा मला नको सांगू," मी ओरडलो. "पन्नास वर्षं हक्क नव्हता, आता तुझी छाती चिरायची वेळ आली तर तिला हक्क आला व्हय?"

तो मग म्हणाला, "ती दांडी अजून माझ्या हातात आहे रे. रोज." त्यानं तळहात माझ्यापुढं धरला. काही नव्हतं हातावर, म्हाताऱ्या माणसाचा हात होता. मला त्याचा राग आला होता आणि त्याची दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम आली की माणूस चुकीचं बोलतो. मी म्हणालो, "मग मीबी येतो."

लासूरला गेलो. अक्का ओसरीवर शेंगा फोडत होती. आम्हाला बघून हरखली, "आज काय भाऊबीज हाय का?" भीमराव समोर बसला आणि सांगायला लागला. आणि तो बहिरा, मीही बहिरा. तो बोलत होता ते बॉयलर रूममधे बोलल्यासारखं, जिवाच्या आकांतानं. शेजारची बाई दारात आली. रस्त्यावरची माणसं थबकली. अक्काची सून भाकरी टाकून पिठाच्या हातानं बाहेर आली. त्या सगळ्यांच्या देखत भीमराव ओरडून सांगत होता की उत्तम आतून दार वाजवत होता आणि मी दांडी सोडली नाय. मी त्याचा दंड धरला. खूण केली, हळू, हळू. त्याला वाटलं मी थांब म्हणतोय. तो आणखी मोठ्यानं बोलायला लागला.

त्याचं संपल्यावर अक्कानं शेंगांचं सूप बाजूला सारलं. मग तिनं जे विचारलं ते आजवर कुठल्या साहेबानं विचारलं नव्हतं. जन्मभर चुलीपुढं बसलेली बाई ती.

"त्यानं त्याल बंद केलं व्हतं म्हनता. मंग भट्टी इझत आली असंल की. मंग दार का नाय उघडलं?"

भीमराव सांगायला लागला, की बाहेरून कळत नाय, की नियम. अक्कानं हात वर केला.

"बास. समद्या गावानं ऐकलं."

आम्हाला तिनं जेवू घातलं. तिचं ते कधी चुकलं नाय. पण वाढायला सून होती. अक्का आतल्या खोलीत गेली ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाय. गाडीत भीमराव खिडकीला डोकं टेकून झोपला. घोरत होता. मला वाटलं, त्याला गाडीतून खाली ढकलावं.

ऑपरेशन झकास झालं. आज तो सकाळी दौलताबाद रस्त्यानं फिरायला जातो, माझ्यापेक्षा जोरात चालतो. झोप लागते म्हणतो. भीमराव हे वाचेल. वाचू दे. तू बरोबर केलंस असं मी तुला एकदा सांगितलं होतं, त्या दाराच्या वेळी. ते मी आजही सांगेन. ह्या वेळचं सांगणार नाय.

पंधरा दिवसांत अक्काच्या मुलाचा, सुभाषचा फोन आला. "मामा, तुम्ही लोक काय सांगून गेलात? आई घराला कडीच लावू देईना. न्हाणीचंबी दार लोटू देत नाय. रात्रभर दार सताड उघडं, कुत्री आत येतात. लावलं की उठून बसती, म्हनती उघडा, कुणीतरी आत हाय." मी म्हणालो, "लेका, दारापुढं बाज टाकून झोप. पण लावू नको."

भाऊबीजेला मी एकटाच गेलो. भीमरावला ऑपरेशनचं निमित्त होतं. अक्कानं पाट दोन मांडले होते. मला ओवाळलं, मग रिकाम्या पाटाकडं बघितलं आणि ताट खाली ठेवलं. ठेचा होता, पण त्यात मीठच नव्हतं. मी खाल्ला.

त्यानंतर तिचे फोन यायला लागले. सून नंबर लावून द्यायची. मला फोनवर नीट ऐकू येत नाय. प्रत्येक सवाल तिला दोन-दोनदा विचारायला लागायचा, मोठ्यानं. आधी इकडचं तिकडचं. मग एक दिवस तिनं विचारलं. मी नेहमीसारखा म्हणालो, "काय? काय म्हनता अक्का? ऐकू नाय आलं." आणि त्या म्हातारीला ते पुन्हा, ओरडून विचारावं लागलं.

"किती येळ वाजवत व्हता तो?"

स्वयंपाकघरात बायकोचा हात थांबला. मला माहीत होतं किती वेळ. माझा हात चौकटीला होता. तो माणूस उंबऱ्यातून निघेना, निघेना, तेवढा सगळा वेळ.

"एकदाच, अक्का," मी म्हणालो. "एकदाच वाजवलं. मग शांत झाला."

मला वाटलं फोन तुटला, का माझाच कान गेला. मग आवाज आला, आणि ह्या वेळी मला नीट ऐकू आलं.

"तुमी खोटं बोलता, भाऊ."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पन असंच सांगत जा. मी उद्याबी इचारीन. उद्याबी असंच सांगा."

ती रोज विचारायची. मी चैत्रापर्यंत रोज सांगितलं, तिला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, एकदाच वाजवलं म्हणून.